एकशेऐंशी मीटरवरचा मिलनबिंदू

अकराव्या रविवारी तिहोमिर अकराव्यांदा मेला, तेव्हा त्याची बायको देसांका स्वयंपाकघरात लाल मिरच्या भाजत होती.

"मेलास?" तिनं आतूनच विचारलं.

"मेलो."

"मग ये इकडे. मिरच्या सोलायच्यात."

ज्या माणसानं भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढली, अर्ध्या जिल्ह्याच्या बांधांवर ज्यानं रोवलेले दगड उभे आहेत आणि ज्याची मोजणी बोटभर चुकली असं म्हणायची छाती मोराव्हा नदीच्या दोन्ही काठांवर कुणाची झाली नाही, त्या माणसाला दर रविवारी सकाळी दहा वाजता आभाळातून खाली पाडावं, आणि तेही सख्ख्या साडूनं, हे दुःख मिरच्या सोलून जाणारं नव्हतं. साडू ओब्राद जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेला. दोघांच्या घरी संगणक, दोघांच्या हाती खेळातलं विमान चालवायचा दांडा, दोघांच्या कानांवर हेडफोन. महायुद्धातली जुनी लढाऊ विमानं घेऊन दोघं समोरासमोर येत. पाच मिनिटांत तिहोमिरच्या पडद्यावर धूर, मग जमीन, मग काळोख, आणि कानात ओब्रादचा तो बस-स्थानकी आवाज: "साडूभाऊ, पुढचा थांबा दफनभूमी. सामान सांभाळून उतरा."

खेळातलं मरण कुणी मनावर घेत नाही. तिहोमिरही घेत नव्हता, निदान चारचौघांत. पण यंदा मध्ये सासऱ्यांची भट्टी आली.

भट्टी तांब्याची. सासरे गेले आणि ती दोन्ही मुलींची झाली, म्हणजे व्यवहारात दोन्ही जावयांची. दरवर्षी आलुबुखार आंबवायचे आणि त्यांची राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, काढायची. एरवी एकाचं फळ आधी पिके, दुसऱ्याचं मागून, त्यामुळे दोघांचंही निभे. यंदा उन्हाळा असा विचित्र की दोन्ही बागा एकाच आठवड्यात पिकल्या. दोघांकडे चार-चार पिंपं आंबायला लागलेली, आठवडाभरात एकदम तयार होणार. भट्टी एक. एकाची चार पिंपं गाळून होईपर्यंत दुसऱ्याच्या पिंपात सिरका होणार, आणि सिरक्याची चार पिंपं घेऊन माणसानं करायचं काय? काकड्याच मुरवायच्या झाल्या तर सगळ्या सर्बियाला पुरतील.

त्याच दुपारी दोन्ही कुटुंबं जेवायला एकत्र बसली. तिसऱ्या पेल्याला ओब्राद म्हणाला, "साडूभाऊ, तू आयुष्यभर जमीन मोजलीस म्हणून तू सारखा जमिनीवरच येतोस. तिची ओढच आहे तुला."

सगळे हसले. देसांकाही हसली, आणि हे तिहोमिरला फार लागलं. तो उभा राहिला, रुमाल खाली ठेवला आणि भर पंगतीत म्हणाला, "पुढच्या रविवारी एकच सामना. जिंकेल त्याची भट्टी आधी."

"चारही पिंपं?" ओब्राद.

"चारही."

ओब्रादनं हात पुढे केला. देसांकाची धाकटी बहीण झिव्का, म्हणजे ओब्रादची बायको, तेवढी म्हणाली, "भट्टी आमच्या बाबांची आहे, एवढं असू द्या ध्यानात." पण पुरुष हात मिळवत असताना अशा वाक्यांकडे लक्ष द्यायची रीत नाही.

संध्याकाळी तिहोमिरनं आपल्या अकरा मृत्यूंचं चित्रण पुन्हा लावलं आणि वही घेऊन बसला. तिसऱ्या मृत्यूला त्याला शंका आली, सहाव्याला खात्री पटली. तो गोळ्या झाडत नव्हता असं नाही. पण त्याच्या गोळ्यांचा एक पट्टा ओब्रादच्या डावीकडून जाई, एक उजवीकडून, आणि मधून ओब्राद, लग्नाच्या वरातीत दोन्हीकडून फुलं झेलत जाणाऱ्या नवरदेवासारखा, सुखरूप.

कारण असं, की या विमानांच्या बंदुका नाकात नसतात, पंखांत असतात. काही डाव्या, काही उजव्या. त्या किंचित आत वळवून ठेवतात, म्हणजे पुढे ठराविक अंतरावर दोन्हीकडच्या गोळ्या एका जागी येतात. शत्रू तिथे असला तर त्याचा चुरा. त्याच्या अलीकडे असला तर गोळ्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, आणि पलीकडे असला तर एकमेकींना ओलांडून भलतीकडे. ते अंतर किती ठेवायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. तिहोमिरनं त्या जागेला नाव दिलं: मिलनबिंदू.

"हे काय नवीन?" देसांकानं विचारलं. "चाळीस वर्षांत माझ्याशी असलं कधी बोलला नाहीस."

तिहोमिरनं बराच हिशेब केला आणि अंतर ठरवलं, एकशेऐंशी मीटर. खेळात आकडा घातला की काम झालं. पण तिहोमिरची पंचाईत अशी, की स्वतःच्या फितीनं मोजलं नाही ते अंतर त्याच्या लेखी अंतरच नव्हतं. संगणक म्हणतो एकशेऐंशी. संगणकाला कुणी फीत धरताना पाहिलंय? तेव्हा मिलनबिंदू प्रत्यक्ष उभा करून डोळ्यांनी बघायचा असं ठरलं. बाजारातून मांजरांना खेळवायचे दोन लाल लेझर आणले. देसांकाचं इस्त्रीचं घडीचं टेबल चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आडवं लावलं, हा पंख. दोन टोकांना दोन लेझर बांधले, या बंदुका. आत वळवायला त्यांच्याखाली काडेपेटीच्या काड्या सरकवल्या.

"खऱ्या पंखाच्या मानानं हे लहान नाही का?" देसांकाला इस्त्री करायची होती, म्हणून तिला शंका येत होत्या. "मग अंतरही त्या मानानं लहान धर. जिन्यात भागेल."

"अंतर लहान केलं की चूकही लहान दिसते. मला ती पूर्ण मापाची बघायचीय."

एकशेऐंशी मीटरवर समोर एका सरकारी इमारतीची पांढरी भिंत होती. दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ प्रकाश पाडून बघितलं असतं. पण तिहोमिर खात्यातला माणूस. परवान्याशिवाय त्यानं कधी खुंटी ठोकली नव्हती. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून (कडक इस्त्रीचा तो शेवटचाच) तो नगरपालिकेत गेला. चार नंबरच्या खिडकीनं सातकडे धाडलं, सातनं पुन्हा चारकडे. चारमधली बाई तोवर कॉफीला गेली होती. आल्यावर तिनं अर्ज उलटासुलटा वाचला.

"हत्यार कोणतं?"

"हत्यार नाही. इस्त्रीचं टेबल."

"इथे लिहिलंय बंदुकांची जुळणी."

"बंदुका खेळातल्या आहेत. नसलेल्या."

"नसलेल्या हत्याराला वेगळा फॉर्म लागतो," बाई म्हणाली, "आणि तो आमच्याकडे नसतो." मग तिला दया आली असावी. "तुमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाचा ठराव आणा. भिंतवाल्यांची संमती आणा. आणि जन्माचा दाखला आणा, सहा महिन्यांच्या आतला."

"मी सदुसष्ट वर्षांपूर्वी जन्मलोय."

"तरी सहा महिन्यांच्या आतलाच लागतो."

हेच वाक्य खिडकीच्या आत बसून तिहोमिरनं हजारो लोकांना ऐकवलं होतं, आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं त्याला आजवर जाणवलं नव्हतं. 

रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष कोसाराबाई, तिसरा मजला. त्यांनी मंगळवारी तातडीची सभा बोलावली. जिन्यात खुर्च्या मांडल्या. विषय एकच, पण लोक चौदा, तेव्हा मतंही चौदा. कुणी म्हणालं अंतर वाढव, कुणी म्हणालं विमान बदल, तळमजल्यावरच्या चांभारानं सांगितलं की चष्मा बदल. सगळ्यांचं ऐकून घेऊन कोसाराबाईंनी विचारलं, "तिहोमिर, खेळताना तुमची खिडकी उघडी असते का?"

"असते."

"आणि दार?"

"दारही."

कोसाराबाईंनी सभेकडे असं पाहिलं, जणू खुनाचा उलगडा झाला. "मग आरपार वारा वाहतो. तो मानेत भरतो. मान अवघडली की डोळा तिरपा, डोळा तिरपा की नेम तिरपा. माझे मोठे दीर असल्या वाऱ्यानंच गेले."

"ते ट्रॅक्टरखाली गेले ना?" कुणीतरी म्हणालं.

"मान वळवता आली नाही म्हणून गेले."

यावर जिन्यात दोघातिघांनी आपापली मान चाचपून पाहिली. तिहोमिर शिकलेला माणूस, असल्या गोष्टी तो मानत नसे. त्या दिवसापासून तो खिडकी लावून बसू लागला, ते निव्वळ योगायोगानं.

ठराव असा झाला, की सरकारी भिंतीच्या नादी लागू नये. नदीच्या बंधाऱ्यावर दोन उंच झाडं आहेत त्यांच्यामध्ये कोसाराबाईंची पांढरी चादर बांधावी, चौघांनी फीत धरावी, आणि दिवेलागणीला, म्हणजे लाल ठिपके दिसतील अशा वेळी, सगळ्या इमारतीनं बाल्कन्यांतून बघावं. परवान्याचा प्रश्न कुणी काढला नाही. बुधवारी तिहोमिरनं स्वतः तीनदा फीत टाकली. एकशेऐंशी मीटर, वर दोन सेंटिमीटर. त्यानं चादर दोन सेंटिमीटर अलीकडे घेतली.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून दोन लाल ठिपके निघाले आणि चादरीवर जाऊन बसले. एक डावीकडे, एक उजवीकडे. तिहोमिरनं काडी सरकवली. ठिपके जवळ आले. आणखी केसभर. आणखी जवळ. चौदा बाल्कन्यांतून माना बाहेर आल्या. आणि मग दोन्ही ठिपके एक झाले.

"हेच का तुझं मिलन?" देसांका म्हणाली, पण तीही बघत होती.

नेमकी तेव्हा नदीवरून वाऱ्याची झुळूक आली आणि चादर बाजूला झाली. चादरीमागे ओब्राद उभा होता.

तो हेरगिरीला आला होता. साडू कसली तयारी करतोय हे बघायला चादरीआड लपलेला, अंगात पांढरं बनियन, आणि लाल ठिपका आता त्या बनियनवर. बातम्यांत आणि सिनेमात छातीवर लाल ठिपका आला की पुढे काय होतं, हे ओब्रादला ठाऊक होतं. बोंब न मारता, एक शब्द न बोलता, सव्वाशे किलोचा तो देह जागच्या जागी आडवा झाला. जिथे आडवा झाला तिथे खाजकुइलीला लाजवेल अशी, अंगाची आग करणाऱ्या बिच्छू नावाच्या झुडपांची झाडी होती. मग मात्र तो बोलला. ते शब्द कोसाराबाईंनी पुढे इतिवृत्तात घेतले नाहीत.

बंधाऱ्यावरून जाणाऱ्या कुणीतरी पोलिसांना कळवलं, की चौथ्या मजल्यावर नेमबाज बसलाय आणि एक माणूस पडलाय. वीस मिनिटांत दोन पोलीस वर आले. त्यांनी बाल्कनी पाहिली, टेबल पाहिलं, काड्या पाहिल्या.

"काका, हे काय आहे?"

"पंख."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिहोमिरला व पंखाला खाली गाडीत बसवलं. पंचनाम्यात नोंद झाली: इस्त्रीचे टेबल, नग एक, वापरलेले, मधोमध जळका डाग. हा डाग देसांकानं सगळ्या शेजाऱ्यांपासून अकरा वर्षं लपवला होता. तो आता सरकारदप्तरी गेला, आणि त्या रात्री तिहोमिरला जेवणात फक्त पाव मिळाला.

ठाण्यात मात्र वेगळंच झालं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, टेबलाकडे मान तिरकी करून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"एकशेऐंशी?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "काका, फार कमी. मी तीनशे ठेवतो."

"तीनशेला काय माशा मारता, साहेब?" टंकलेखन करणारा हवालदार मान वर न करता म्हणाला. "दीडशे."

"दीडशेला समोरच्याच्या अंगावर जाऊन आपटशील."

"आणि तुम्ही गेल्या शनिवारी काय पाडलंत? स्वतःचंच पाडलंत."

बाहेरून तिसरा आला, तो चारशेवाला निघाला. तासभर तिघं भांडले. मध्ये कॉफी झाली. शेवटी साहेबानं तिहोमिरला समज देऊन सोडलं. समज अशी होती, की गोळी शत्रूवर झाडायची नाही, शत्रू पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे झाडायची. टेबल मात्र पुरावा म्हणून ठेवून घेतलं.

रविवार उजाडला. तिहोमिरनं चुरगळलेला शर्ट घातला, खिडकी लावली, दार लावलं आणि आकडा घातला: एकशेऐंशी. पडद्याच्या काचेवर त्यानं चिकटपट्टीच्या दोन बारीक पट्ट्या लावल्या होत्या. समोरच्या विमानाचे पंख या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत बरोबर भरले, की अंतर एकशेऐंशी. मोजणीच्या दुर्बिणीतून दूरची काठी अशीच तर वाचतात. चौतीस वर्षांची विद्या शेवटी कामी येत होती. कोपऱ्यातल्या चार पिंपांतून आंबट वास यायला सुरुवात झाली होती. आजचा दिवस, फार तर उद्याचा.

"साडूभाऊ, तिकीट काढलंस का?" कानात ओब्राद.

तिहोमिरनं दांडा ओढून विमान वर घेतलं. वळणावळणांची दहा मिनिटं गेली. आणि बारा रविवारांत पहिल्यांदाच तो ओब्रादच्या बरोबर मागे आला. समोर ते विमान, लहान. मोठं होत चाललेलं. पट्टीला अजून बोटभर कमी. अजून अर्धं बोट. दुसरा कुणीही आता झाडत सुटला असता. तिहोमिर थांबला. दोनशे म्हणजे एकशेऐंशी नव्हे.

तेवढ्यात आपल्या मागे कुणीतरी फार चिकटलंय हे ओब्रादला दिसलं. आणि मागे गाडी चिकटली की जन्मभर बस चालवलेला माणूस जे करतो ते त्यानं केलं. त्यानं वेग तोडला.

विमान पट्ट्यांतून भसकन बाहेर आलं. एकशेचाळीस. शंभर. आता अंतर चुकीचं होतं. चुकीच्या अंतरावर तिहोमिर झाडेना. ते पुन्हा एकशेऐंशी व्हावं म्हणून तो सभ्यपणे वाट बघत राहिला. साठ मीटरला त्याला ओब्रादच्या विमानाचे खिळे मोजता आले. मग दोन्ही पडदे एकाच वेळी काळे झाले.



"तू मागून धडकलास," ओब्राद कानात म्हणाला.

"तू थांबलास."

"मागून धडकतो तो दोषी. मीच जिंकलो. कायदा आहे."

"तो रस्त्यावरचा. आभाळात कुठला रस्ता?"

"थांब. मी येतोच," ओब्राद म्हणाला आणि दहा मिनिटांत खरंच दारात हजर झाला. अंगावर अजून बिच्छूचे चट्टे, मागे झिव्का, आणि हातात गाडीत ठेवतात तो अपघाताचा छापील फॉर्म. किरकोळ ठोकर झाली की पोलिसांना न बोलावता दोघा चालकांनी मिळून भरायचा असतो तो. दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसले.

"कुणी जखमी?" तिहोमिरनं वाचलं. "जखमी असेल तर हा फॉर्म चालत नाही."

"जखमी कुणी नाही. दोघंही मेलो."

तिहोमिरनं 'नाही'वर खूण केली. वाहनाचा प्रकार, रंग, विमा, दिवे लावले होते का, असं सगळं रीतसर भरत ते नकाशाच्या चौकोनाशी आले. ओब्रादनं त्यात दोन वांगी काढली. तिहोमिरच्यानं ते बघवेना. त्यानं मोजपट्टी आणली, पेन्सिलीला टोक केलं, चित्रण पुन्हा लावलं आणि एकास पाचशे प्रमाणात दोन्ही विमानांचे मार्ग आखायला बसला. देसांका आणि झिव्का मिरच्या सोलत बघत राहिल्या.

अर्ध्या तासानं पेन्सिल थांबली. नकाशात तिहोमिरच्या विमानाचं नाक ओब्रादच्या शेपटीत होतं, सरळ मागून. ती रेघ केसभर डावीकडे गेली असती तर दोष ओब्रादचा झाला असता, भट्टी तिहोमिरची झाली असती, आणि ओब्रादला बापजन्मात ते कळलं नसतं. तिहोमिरला पिंपांचा वास येत होता. पेन्सिल त्याच्याच हातात होती. या हातानं रेघ केसभर सरकवावी म्हणून आयुष्यात लोकांनी त्याच्या दारात डुकरांच्या अख्ख्या मांड्या आणून टांगल्या होत्या, आणि त्यानं त्या परत पाठवल्या होत्या.

"मागून धडक दिली," त्यानं स्वतःच्या रकान्यात खूण केली आणि कागद पुढे सारला. "भट्टी ने."

ओब्राद कागदाकडे बघत राहिला. त्यानं मान खाजवली, दंड खाजवले. बस चालवणाऱ्यालाही त्याची इज्जत असते.

"आण ती पेन्सिल," तो कुरकुरत म्हणाला आणि आपल्या रकान्यात खूण केली: पुढे अडथळा नसताना अचानक वेग तोडला. "मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारणारा गाढव असतो, हे मी तीस वर्षं नवशिक्यांना शिकवलंय. अर्धा दोष माझा."

"मग आधी पिंपं कुणाची?"

दोघांचीही नजर हळूहळू संगणकाकडे वळायला लागली. तेव्हा देसांकानं हात पुसले, साक्षीदाराच्या रकान्यात सही केली, झिव्काची घेतली आणि शेऱ्याच्या जागी खणखणीत अक्षरात लिहिलं: भट्टी आमच्या वडिलांची. आज दोन पिंपं माझी, दोन झिव्काची, एकाआड एक, राहिलेली उद्या. लाकडं हे दोघे फोडतील. वाहन चालवण्यास दोघेही अपात्र.

"सह्या करा," झिव्का म्हणाली. "दोघांच्या सह्या नसल्या तर फॉर्म बाद होतो."

कायद्यापुढे इलाज नव्हता.

दुपारी ओब्रादच्या अंगणात भट्टी पेटली. फोडलेल्या ढिगातली लाकडं अर्धी झाली तेव्हा नळीच्या तोंडाशी पहिली धार आली. दोन्ही साडू ओंडक्यांवर बसले आणि एकेक घोट घेऊन डोळे मिटून राहिले. मग ओब्रादनं विचारलं, "तो चादरीवर तू काय खेळ करत होतास रे? दोन ठिपक्यांचा?"

"मिलनबिंदू. तू तुझा कितीवर ठेवतोस?"

"माझा काय?"

तिहोमिरनं पेला खाली ठेवला. अकरा रविवार ज्यानं त्याला पाडलं, त्या माणसाला बंदुका जुळवायच्या असतात हेच माहीत नव्हतं. "मी आपला थांब्याला बस लावतात तसा अगदी खेटून उभा राहतो," ओब्राद म्हणाला, "आणि दाबतो. मग कुठे जातात गोळ्या? त्यातच जातात."

"तसं चालत नाही, साडूभाऊ," तिहोमिर प्रेमानं म्हणाला. त्यानं दोन काटक्या घेतल्या आणि तीन तास, म्हणजे दुसरं पिंप उतरेपर्यंत, पंख, कोन, अंतर, वाऱ्याचा मानेवरचा परिणाम, असं सगळं सविस्तर समजावलं. ओब्राद ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा चिंतातुर होत गेला.

पुढच्या रविवारी ओब्रादनं तीनशे मीटरवर आकडा लावला, खिडकी लावून घेतली आणि सगळ्या गोळ्या झाडल्या. एक पट्टा डावीकडून गेला, एक उजवीकडून. मधून तिहोमिर, त्या दिवशीच्या पहिल्या धारेची चव जिभेवर घोळवत, सावकाश निघून गेला.